वायफाय आहे, पण साइट उघडत नाही: फायरवॉलमधले गट समजून घेऊ या

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय तुम्ही रोज अनुभवता, फक्त त्याचं नाव घेत नाही. कॉलेजचं किंवा ऑफिसचं वायफाय जोडलेलं असतं, रेंज पूर्ण असते, पण एखादी साइट काही केल्या उघडत नाही. मोबाइल डेटा चालू केला की तीच साइट दोन सेकंदांत समोर. याचा अर्थ साइट चालू आहे, तुमचा फोनही ठीक आहे. मध्ये कुणीतरी नियम लिहून ठेवलाय की इथून तिकडे जायचं नाही. तो नियम जिथे लिहिलेला असतो ती फायरवॉल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं रोजचं काम कोड लिहिण्याचं, पण नेटवर्कशी संबंध येतोच. आज मला फायरवॉलमधल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय: पत्त्यांचे गट. ऐकायला रुक्ष वाटेल. पण परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख आणि हा रुक्ष विषय यांचा थेट संबंध येतो, तो मी पुढे सांगते.

आधी पाया पक्का करू. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. फायरवॉलचा नियम म्हणजे साधं वाक्य असतं. कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या पोर्टवर, आणि जाऊ द्यायचं की अडवायचं. वेबसाठी पोर्ट ठरलेले आहेत: ८० आणि ४४३. आज बहुतेक सगळं ४४३ वरून, म्हणजे एचटीटीपीएसने चालतं. बहुतेक फायरवॉल हे नियम वरून खाली वाचतात, आणि जो पहिला लागू पडेल तो लावून थांबतात. शेवटपर्यंत कोणताच लागू पडला नाही तर सहसा अडवतात. म्हणून नियम काय आहे याइतकंच तो कितव्या ओळीत आहे हेही महत्त्वाचं.

आता सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या वहीत जर प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळं लिहिलं असेल, की १०१ कडे दूधवाला येऊ शकतो, १०१ कडे पेपरवाला येऊ शकतो, १०२ कडे दूधवाला येऊ शकतो, तर वही भरेल आणि वॉचमन वैतागेल. त्यापेक्षा एक यादी करायची, 'रोज येणारे'. आणि नियम एकच: रोज येणाऱ्यांना सोडा. दूधवाला बदलला तर यादी बदलते, नियम तोच राहतो.

फायरवॉलमधला गट म्हणजे ही यादी. पीएफसेन्समध्ये याला एलियास म्हणतात, फोर्टिगेटमध्ये ॲड्रेस ग्रुप, सिस्कोच्या एएसएमध्ये ऑब्जेक्ट ग्रुप, लिनक्सवर आयपीसेट किंवा एनएफटेबल्समधले सेट. नावं वेगळी, कल्पना एकच.

आता अर्जाची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावात एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं-मुली सकाळी सहाला येऊन बसतात, रात्री कुलूप लागेपर्यंत. तिथे २४ संगणक आहेत, एक कार्यालय आहे, कॅमेरे आहेत आणि मुलांच्या मोबाइलसाठी वायफाय आहे. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे फायरवॉल बसवून दिली होती. धोरण कडक होतं: ठरावीक सहाच ठिकाणं उघडतील, बाकी सगळं बंद.

एका मुलानं अर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्री नऊला सगळा फॉर्म भरला, फोटो-सही अपलोड केली, 'शुल्क भरा' वर क्लिक केलं, आणि समोर पांढरं पान. पुन्हा क्लिक, पुन्हा पांढरं. शेवटी तो रस्त्यावर आला आणि मित्राच्या मोबाइल डेटावर त्यानं शुल्क भरलं. मित्र जवळ होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांचा मला फोन आला. "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? एकदा येऊन बघ. पोराचं वर्ष गेलं असतं."

मी जाऊन पाहिलं तर फायरवॉलमध्ये १४४ नियम. २४ संगणक गुणिले सहा ठिकाणं. प्रत्येक नियमात दोन उघडे आकडे: इकडचा पत्ता आणि तिकडचा पत्ता. नाव नाही, शेरा नाही, तारीख नाही. कोणता आकडा कशाचा, हे सांगायला कुणी नाही.

पांढऱ्या पानाचं कारण लॉगमध्ये अर्ध्या तासात सापडलं. अर्जाची साइट उघडत होती, कारण तिचा पत्ता यादीत होता. पण शुल्काचं पान दुसऱ्याच कंपनीच्या पेमेंट गेटवेवर जातं. त्या गेटवेचाही एक पत्ता यादीत होता, पण गेटवे आता वेगळ्या पत्त्यावरून उत्तर देत होता. यादीतला आकडा शिळा झाला होता. आणि तोच आकडा २४ ठिकाणी लिहिलेला होता.

इथे मला आजचा मुख्य मुद्दा सांगायचाय. गट वापरल्यानं ओळी वाचतात, हे खरंच. पण त्याहून मोठा फायदा म्हणजे गटाला नाव असतं, आणि नावामुळे हेतू कळतो. नुसता आकडा पाहून कुणालाच विचारता येत नाही की हा इथे का आहे. 'अर्ज_शुल्क' असं नाव दिसलं की विचारता येतं: हे अजून बरोबर आहे का? यात कोण असायला हवं? कोण राहून गेलंय?

आता करायचं कसं? एक एक पायरी घेऊ.

पहिली पायरी, आपल्या बाजूचे गट. घरच्या किंवा संस्थेच्या आतल्या नेटवर्कसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे तुम्ही पाहिलेच असतील. पत्त्यामागे तिरकी रेघ आणि आकडा असतो, तो सांगतो की ३२ बिट्सपैकी पुढचे किती बिट्स पक्के आहेत. उरलेले मोकळे. म्हणून '/३२' म्हणजे एकच पत्ता, '/२९' म्हणजे ८, '/२८' म्हणजे १६, '/२४' म्हणजे २५६. आकडा एकनं कमी झाला की पत्ते दुप्पट. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळानं याच हिशेबानं एका देशात काय झालं ते सांगणार आहे.

अभ्यासिकेत आम्ही २४ संगणकांचे दोन तुकडे केले, १६ आणि ८. एका तुकड्याला '/२८', दुसऱ्याला '/२९'. प्रत्येक संगणकाला राउटरकडून नेहमी तोच पत्ता मिळेल अशी नोंद केली. पत्ते आधीच असे शेजारी शेजारी बसवले की गट आपोआप नीट बनतो. पत्ते इकडेतिकडे वाटून मग गट करायला बसलं की गटातही भेळच होते.

मोबाइलचं मात्र असं होत नाही. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपली खरी हार्डवेअर ओळख न देता एक बनवलेली ओळख देतो. खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण 'अमक्याच्या फोनला कायम हा पत्ता' ही योजना त्यामुळे डळमळते. म्हणून फोन एकेक करून गटात घालत बसू नका. फोनसाठी वेगळं वायफाय नाव, वेगळं व्हीलॅन, आणि ते अख्खं जाळं म्हणजे एक गट. कोणता फोन आहे यापेक्षा तो कुठल्या दारानं आत आला, हे पाहायचं.

दुसरी पायरी, पोर्टचाही गट करा. ८० आणि ४४३ मिळून 'वेब_पोर्ट'. छोटी गोष्ट आहे, पण नियम वाचताना वाक्य लागतं: 'अभ्यासिका_संगणक यांना वेब_पोर्ट वर जाऊ द्या'. पीएफसेन्ससारख्या ठिकाणी नाव रोमन अक्षरांत लिहावं लागतं. लिपी रोमन असू दे, शब्द मराठी ठेवा. पुढचा माणूस तुमच्याच गावचा असणार आहे.

तिसरी पायरी, पलीकडची बाजू. आणि इथेच खरी गोम आहे, कारण वेबसाइट म्हणजे पत्ता नव्हे.

एका मोठ्या साइटचे शेकडो पत्ते असतात आणि ते बदलत राहतात. उलट, क्लाउडवर किंवा सीडीएनवर एकाच पत्त्यामागे हजारो वेगवेगळ्या साइट्स राहतात, एखाद्या मोठ्या चाळीला एकच पोस्टाचा पत्ता असावा तशा. तुम्ही एका भाडेकरूवर राग काढायला चाळीचं दार बंद केलंत तर सगळेच अडकणार.

रशियात एप्रिल २०१८ मध्ये हेच झालं. तिथल्या रोस्कोम्नाद्झोर या सरकारी संस्थेनं टेलिग्राम बंद करायला घेतलं. टेलिग्राम ॲमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडवर पत्ते बदलत राहिलं. मग संस्थेनं त्या क्लाउडचे पत्ते गठ्ठ्यानं बंद करायला सुरुवात केली. यादीत '/१५' अशी एक ओळ लिहिली की १,३१,०७२ पत्ते बंद होतात. असं करत दीड कोटीहून जास्त पत्ते अडवले गेले. टेलिग्रामशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी सेवा बंद पडल्या, आणि टेलिग्राम बऱ्याच लोकांकडे चालूच राहिलं. जून २०२० मध्ये ती बंदी उठवली.

ऑस्ट्रियातलं उदाहरण त्याहून लहान, पण जास्त बोलकं. ऑगस्ट २०२२ मध्ये कॉपीराइटच्या प्रकरणात तिथल्या इंटरनेट कंपन्यांना क्लाउडफ्लेअरचे ११ पत्ते बंद करावे लागले. फक्त ११. पण त्यांच्यामागे हजारो साइट्स होत्या, त्या सगळ्या लोकांना दिसेनाशा झाल्या. यादी लहान आहे म्हणजे परिणाम लहान, असं नसतं.

आणि आपल्याकडे? डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशानं ३२ ठिकाणं बंद करायची यादी निघाली. आक्षेप काही मजकुरावर होता, पण यादीत गिटहब, व्हिमिओ, पेस्टबिन अशी अख्खी नावं होती. गिटहब म्हणजे जगभरच्या प्रोग्रामरांचं कोठार. त्या दिवसांत ज्यांना आपलाच कोड उघडता आला नाही, त्यांचा त्या मजकुराशी काय संबंध होता?

मग पलीकडच्या बाजूचा गट कसा करायचा? आकड्याऐवजी नाव घाला. बऱ्याच फायरवॉलमध्ये गटात थेट डोमेनचं नाव लिहिता येतं. फायरवॉल ते नाव डीएनएसला विचारते आणि मिळालेले पत्ते गटात भरते. पीएफसेन्स हे मुळात दर ५ मिनिटांनी करतं. एका साध्या साइटसाठी हे पुरतं. पण मोठ्या साइट्स प्रत्येकाला वेगळं उत्तर देतात. फायरवॉलला एक पत्ता मिळतो, तुमच्या संगणकाला दुसरा, आणि नियम चुकतो. काही मोठ्या कंपन्या आपल्या पत्त्यांची यादी स्वतः प्रसिद्ध करतात. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि क्लाउडफ्लेअर तिघेही करतात. गरज असेल तर ती यादी आपोआप ओढून घ्यायची सोय करा. हातानं उतरवून ठेवलेली यादी शिळी होते, तशीच जशी त्या पेमेंट गेटवेची झाली होती.

अभ्यासिकेत आम्ही 'सहाच ठिकाणं उघडतील' हे धोरणच सोडलं. कारण आजचं एक पान दहा ठिकाणांहून तयार होतं. कॅप्चा एकीकडून येतो, अक्षरांचे फॉन्ट दुसरीकडून, शुल्क तिसरीकडे. सगळ्यांची यादी करायला बसलं तर रोज एक मूल पांढऱ्या पानासमोर बसेल. म्हणून वेब खुलं ठेवलं आणि जे नको ते नावानं, डीएनएसच्या पातळीवर अडवलं. बाहेरच्या डीएनएसकडे जाणारे ५३ आणि ८५३ हे पोर्ट बंद केले, म्हणजे सगळे आपल्याच डीएनएसला विचारतील. हे शंभर टक्के अडवतं का? नाही. ब्राउझर एचटीटीपीएसमधून डीएनएस विचारू शकतो आणि ते ४४३ वरच जातं, साध्या वेबसारखंच दिसतं. पण वाचनालयाला तुरुंगाची भिंत लागत नाही, साधं कुंपण पुरतं.

आता सगळ्यात जास्त वाद झालेला विषय: यूट्यूब. समितीच्या बैठकीत काका म्हणाले, "ते आधी बंद कर. पोरं दिवसभर रील बघतात." मागे बसलेली एक मुलगी उठून म्हणाली, "ताई, माझा क्लासच यूट्यूबवर आहे. पुण्याला जाऊन फी भरणं आम्हाला जमत नाही. ते बंद केलंत तर मी इथे कशाला येऊ?"

दोघंही खरं बोलत होते. आणि फायरवॉलला पॉलिटीचं लेक्चर आणि टाइमपास यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच नावावरून, कुलूपबंद एचटीटीपीएसमधून येतात. पत्त्यांनी अडवायला जावं तर त्याच कंपनीच्या पत्त्यांवर गूगलचा शोध, ईमेल आणि अर्जातला कॅप्चासुद्धा येतो. पुन्हा चाळीचं दार.

तोडगा गटातून निघाला. आधी केलेले दोन तुकडे आठवा. दारापासच्या ८ संगणकांचं नाव 'अर्ज_टायपिंग'. तिथे यूट्यूब उघडत नाही, आणि अर्ज भरायला आलेल्याला जागा रिकामी मिळते. आतल्या १६ चं नाव 'अभ्यास_व्हिडिओ'. तिथे यूट्यूब खुलं, हेडफोन सक्तीचा. डीएनएसला गटागटानं वेगळं उत्तर द्यायला सांगता येतं, ते तसं सांगितलं. हे ठरवलं समितीनं आणि मुलांनी मिळून, मी फक्त लिहून दिलं. १४४ नियमांचे ९ झाले, आणि ते नऊच्या नऊ काकांना वाचून समजतात.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. ज्यांच्या हातात कधी फायरवॉल येणार आहे त्यांनी या लिहून घ्या.

एक. गट बदलण्याआधी तो कुठे कुठे वापरलाय ते बघा. एक नाव पाच नियमांत असेल तर एका बदलानं पाच नियम बदलतात. ज्यामुळे गट सोयीचा आहे त्यामुळेच तो धोक्याचा आहे. आणि गटात गट घालायची सोय असते, पण तीन पातळ्या खाली गेल्या की आत कोण आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

दोन. रिकामा गट. पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये गट रिकामा झाला तर तो नियम कुणालाच लागू पडत नाही. परवानगीचा नियम असेल तर लगेच ओरड होते. पण अडवण्याचा नियम असेल तर कुणीच ओरडत नाही, दार गुपचूप उघडं पडतं.

तीन. आयपीव्ही६. गटात फक्त जुन्या पद्धतीचे पत्ते असतील आणि तुमची इंटरनेट कंपनी आयपीव्ही६ देत असेल, तर लोक दुसऱ्या दारानं ये-जा करतील आणि तुम्ही पहिल्या दारावर पहारा देत बसाल. दोन्ही पद्धतींचे पत्ते गटात घ्या.

चार. नियम बदलला तरी आधीपासून चालू असलेली जोडणी लगेच तुटत नाही. फायरवॉल चालू संवाद लक्षात ठेवते. त्यामुळे बदल केल्यावर जुन्या जोडण्या साफ करा, मग तपासा. आणि तपासताना स्वतःच्या लॅपटॉपवर नको, त्या गटातल्या संगणकावर बसून तपासा.

शेवटी, प्रत्येक गटाच्या शेऱ्यात तीन गोष्टी लिहा: का केला, कुणी सांगितलं, पुन्हा कधी बघायचा. आमच्याकडे 'पुन्हा कधी' मध्ये अर्ज सुटण्याच्या आधीचा आठवडा लिहिलाय. त्या आठवड्यात कुणीतरी एक अर्ज शुल्काच्या पानापर्यंत नेऊन बघतं.

आणि तुम्ही या यंत्राच्या अलीकडच्या बाजूला असाल, म्हणजे साइट न उघडणारे, तर नुसतं "नेट चालत नाही" म्हणू नका. साइट कोणती, वेळ काय, कुठल्या संगणकावर किंवा कुठल्या वायफायवर, आणि मोबाइल डेटावर ती उघडते का, एवढं लिहून एक स्क्रीनशॉट द्या. चार ओळींत सांभाळणाऱ्याचं अर्धं काम होतं. आणि बिनधास्त विचारा की हे बंद कुणी ठरवलं आणि का. प्रश्न उद्धट नाही. नियम लिहिणाऱ्याकडे त्याचं उत्तर असायलाच हवं.

तुमच्या कॉलेजात, हॉस्टेलवर, ऑफिसात असं काय बंद आहे जे उघडं हवं? किंवा काय उघडं आहे जे बंद हवं? मला लिहून पाठवा, निवडक प्रश्न पुढच्या भागात घेऊ. पुढच्या वेळी बोलू डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता सापडतो तो कसा. तोपर्यंत अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. भेटू, नमस्कार!